वाडीतले दिवे: सोलर लावावेत की घरची लाईन ओढावी?

आगरवाट
जागा गुहागर तालुक्यात, समुद्रापासून साधारण ३०० मीटर. पडवीपासून बेड्यापर्यंत (कुंपणाच्या दारापर्यंत) ४० मीटरची पाखाडी (दगडी पायवाट). डाव्या हाताला नारळ-पोफळीचं आगर, उजवीकडे दोन जुनी हापूस कलमं, २५ मीटरवर विहीर. बेड्याजवळ मात्र आभाळ मोकळं आहे. आठ दिवे हवेत: सहा पाखाडीला, एक विहिरीपाशी, एक बेड्यावर. माती जेमतेम दीड फूट, खाली कातळ. घर शिमगा, मे महिना आणि गणपती एवढ्यापुरतंच उघडं असतं. संध्याकाळी सात ते अकरा उजेड पुरे. सोलर घ्यावं की लाईन ओढावी? पैशापेक्षा टिकणं महत्त्वाचं. कृपया आकड्यांत सांगा.

दीडची_वायर
आधी बिलाचा हिशोब करून बाजूला ठेवू. ३ वॅटचे ८ दिवे म्हणजे २४ वॅट. रोज ४ तास धरले तर ९६ वॅट-तास, म्हणजे दहा दिवसांत जेमतेम एक युनिट. महिनाभर रोज लावले तरी तीन युनिट. सगळे आकार धरून युनिट दहा रुपयांना पडतं असं माना, तीस रुपये झाले. सोलर घेऊन बिल वाचवायचं तर वाचायला काही असावं लागतं. लाईनचा खर्च एकदाच होतो, तो चर खणण्यात आणि केबलमध्ये. सोलरचा खर्च दर काही वर्षांनी बॅटरीच्या रूपाने परत दारात येतो.

तुमच्या पाखाडीवर झाडांची सावली आहे, त्यामुळे तिथे माझं मत लाईन. बेड्यावर ऊन असेल तर तो एक दिवा सोलर चालेल.

कातळफूल
सोलर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ते मातीत खोचायचे खुंटीवाले दिवे येतात. त्यांचा हिशोब वेगळा. आत १.२ व्होल्टची ६०० एमएएचची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी, म्हणजे साठा ०.७२ वॅट-तास. त्यात पायरीची कड दिसेल एवढाच उजेड. तो दिवा शोभेचा, चालायचा नव्हे. त्यावरून सोलरला नावं ठेवू नका.

मध्यवर्ती सोलर मात्र नीट चालतं: एक पॅनल, एक चार्ज कंट्रोलर (पॅनलकडून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा), एक बॅटरी आणि तिथून १२ व्होल्टची वायर सगळ्या दिव्यांना. ४० वॅटचं पॅनल आणि १२.८ व्होल्ट १२ ॲम्पिअर-अवरची लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरी तुम्हाला पुरेल.

दीडची_वायर
मे महिन्यात पुरेल. गणपतीत नाही पुरणार. हिशोब करून बघा:

मे: ४० वॅट × ५ तास पूर्ण ताकदीचं ऊन × ०.७ (उष्णता, धूळ, कंट्रोलर, बॅटरीतली घट) = १४० वॅट-तास. गरज ९६. ठीक.
पावसाळी दिवस: ४० × २ × ०.७ = ५६ वॅट-तास. गरज तीच ९६.

बॅटरीत १२.८ × १२ = १५४ वॅट-तास. त्यातले ८० टक्के वापरायचे, म्हणजे १२३. एक रात्र निघते, दुसऱ्या रात्री साडेदहाला अंधार, तिसऱ्या रात्रीपासून नऊ-साडेनऊलाच. आणि कोकणात सलग चार दिवस झड लागणं ही काही विशेष गोष्ट नाही. चाकरमानी येतात, अंगण भरलेलं असतं, नेमकं तेव्हाच सोलर सगळ्यात अशक्त असतं. कोकणातलं सोलर श्रावण-भाद्रपदासाठी मोजायचं, मे महिन्यासाठी नाही.

कातळफूल
मान्य. माझा आकडा कोरड्या दिवसांचा होता. पावसाळ्यासाठी असं धरा:

तीन दिवस ऊन नाही असं मानून ९६ × ३ = २८८ वॅट-तास. त्याला ०.८ ने भागलं की ३६०. म्हणजे १२.८ व्होल्ट ३० ॲम्पिअर-अवर (३८४ वॅट-तास). पॅनल: ९६ ÷ (२ × ०.७) = ६९ वॅट, पण रिकामी झालेली बॅटरी परत भरायला वाव हवा म्हणून १०० वॅट. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून १७ ते २० अंश कललेलं. आपला अक्षांश साधारण तेवढाच आहे, शिवाय या उतारावर पावसाचं पाणी थांबत नाही. आडवं ठेवलं तर खालच्या कडेला गाळ आणि शेवाळ धरतं.

पॅनल कौलावर किंवा विहिरीच्या पंपघरावर. नारळाखाली अजिबात नाही. एक नारळ पुरतो.

पोफळीखाली
नुसता नारळच पडतो असं नाही, सावलीचंही बघा. पॅनलमधल्या सेल एकापुढे एक, माळेसारख्या जोडलेल्या असतात. एका झावळीची सावली दोन-चार सेलवर आडवी पडली तर त्या सेल सगळ्या माळेचा प्रवाह अडवतात. दहा टक्के सावलीने दहा टक्केच नुकसान होईल असं गृहीत धरू नका, अर्धं उत्पादन जाऊ शकतं. पोफळीखाली तर प्रश्नच नको. तिथे दुपारी बारालाही पॅनलला संध्याकाळ वाटते.

यातून आणखी एक गंमत होते. एकसंध सोलर दिव्यात पॅनल हाच अंधार ओळखणारा डोळा असतो. दाट सावलीत तो दिवा साडेचारलाच पेटतो आणि आठला संपतो. उलट पडवीच्या बल्बचा उजेड पॅनलवर पडत असेल तर रात्रभर पेटतच नाही, आणि मग 'पीस खराब निघाला' म्हणून दुकानात परत जातो.

कलमाजवळ पॅनल असेल तर मोहोराच्या दिवसांत, साधारण डिसेंबर ते मार्च, आठवड्याला एकदा हात फिरवा. तुडतुड्यांचा चिकटा काचेवर पडतो, त्यावर काळी बुरशी धरते. ती कोरड्या फडक्याने निघत नाही, नुसती पसरते. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, सकाळी काच गार असताना. नारळाची किशी नको, चरे पडतात.

समुद्रवारा
३०० मीटर म्हणजे खारं वारं थेट. इथे सोलर की लाईन यापेक्षा फिटिंग कशाचं आहे यावर आयुष्य ठरतं.

लोखंडी पत्र्याचं, वर रंग मारलेलं: एक-दोन पावसाळे.
पावडर कोटिंगचं ॲल्युमिनियम: कोटिंग शाबूत असेपर्यंत छान. पण त्यात साधा लोखंडी स्क्रू बसवला की दोन धातूंच्या जोडीत खाऱ्या ओलाव्याने रासायनिक क्रिया सुरू होते, स्क्रूभोवती पांढरी पूड जमते आणि झाकण पुन्हा कधी उघडत नाही.
३०४ स्टेनलेस: तांबूस डाग पडतात, छिद्रं धरतात. ३१६ घ्या. महाग आहे, पण स्क्रू, क्लँप, नटबोल्ट तरी ३१६ चेच.
यूव्ही स्थिर केलेलं पॉलिकार्बोनेट: किनाऱ्यासाठी माझी पहिली पसंती. साधं एबीएस उन्हाने पिवळं आणि ठिसूळ होतं.

आयपी आकडाही (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) नीट वाचा. आयपी ६५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापासून बचाव. पायरीशी जमिनीत पुरलेला दिवा पाणी तुंबल्यावर बुडतो, त्याला आयपी ६७ लागतो. भिंतीवरच्याला ६५ पुरे.

आणि खांब नकोतच. जमिनीलगत खांब हमखास सडतो. जांभ्याच्या चिऱ्यांचे दीड फुटी ठोकळे बांधा, आत पाइप सोडा, दिवा वर खाचेत बसवा. वाऱ्याला दाद देत नाही आणि रानडुक्कर उकरायला आलं तरी हलत नाही. खुंटीवाले दिवे डुकरं एका रात्रीत उलटे करतात, उरलेले माकडं नेतात.

आगरवाट
धन्यवाद. पाखाडीला लाईन ओढायचीच झाली तर २३० व्होल्ट की १२ व्होल्ट? आणि कातळात चर कसा खणायचा?

दीडची_वायर
तिसरा पर्याय आहे, २४ व्होल्ट. तुमच्या जागेला तोच योग्य वाटतो.

पडवीत, पावसापासून आत, ६० वॅटचा २४ व्होल्ट डीसी एसएमपीएस (घरची २३० व्होल्टची वीज २४ व्होल्टवर आणणारा डबा). तिथून पुढे सगळं २४ व्होल्ट. ओल्या पाखाडीवर अनवाणी पाय, विहिरीपाशी बादली, लहान मुलं, या सगळ्यात शॉकचा धोका जवळजवळ उरत नाही.

१२ व्होल्ट का नको तेही बघा. २४ वॅटला १२ व्होल्टवर २ ॲम्पिअर प्रवाह. अडीचच्या (अडीच चौरस मिमी) तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. जाऊन-येऊन ८० मीटर म्हणजे ०.५९ ओहम. सगळा भार टोकाला धरला तर १.२ व्होल्टची घट, दहा टक्के. दीडच्या वायरवर हीच घट १.९ व्होल्ट, म्हणजे सोळा टक्के: पडवीजवळचा दिवा झगझगीत, बेड्याजवळचा मलूल. २४ व्होल्टवर प्रवाह निम्मा, त्यामुळे अडीचच्या वायरवर घट ०.६ व्होल्ट, अडीच टक्के. दिवे मात्र २४ व्होल्टचेच मागा. १२ चे घेऊन दोन-दोन सिरीजमध्ये जोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, एक गेला की जोडीदारही जातो.

चर: २४ व्होल्टला २५ मिमी एचडीपीई पाइपमधून फूटभर खोली पुरे. कातळ वर आला तिथे फोडत बसू नका, पाइप गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आतल्या अंगाने क्लँप करून न्या. २३० व्होल्ट असतं तर आर्मर्ड केबल, किमान अडीच फूट खोली, खाली-वर तीन-तीन इंच वाळू, वर विटा आणि लाल-पिवळी धोक्याची पट्टी, आणि गाडी जाते तिथे त्याहून खोल. तुमच्याकडे मातीच दीड फूट आहे.

कातळफूल
२३० बद्दल एक मुद्दा राहिला, आणि तो कातळावर सगळ्यात महत्त्वाचा. जांभ्यात अर्थिंग नीट मिळत नाही, उन्हाळ्यात जमीन सुकली की आणखी बिघडतं. समजा अर्थचा रोध १०० ओहम आला. धातूच्या फिटिंगला फेज लागली तर प्रवाह २३० ÷ १०० = २.३ ॲम्पिअर. ६ ॲम्पिअरची एमसीबी (जादा प्रवाहाला पडणारा स्विच) त्याला ढिम्म हलत नाही आणि फिटिंग करंट घेऊन तसंच उभं राहतं. ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (अर्थकडे होणारी गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) मात्र तत्क्षणी पडते. म्हणून बाहेरच्या २३० व्होल्टच्या सर्किटला आरसीसीबी वेगळी आणि सक्तीची. घराच्या मुख्य आरसीसीबीवर बागेची लाईन टाकलीत तर पहिल्या सरीला अख्खं घर अंधारात.

खळं_अंगण
पावसात आरसीसीबी सारखी पडते, मग वायरमन ती काढून थेट जोडून देतो. हे सर्रास चालतं. उपाय काय?

दीडची_वायर
काढून टाकणाऱ्याला पुन्हा बोलवू नका. ती पडते म्हणजे कुठे तरी पाणी शिरलंय. शोधायची पद्धत:

१. बागेचे सगळे फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडवा. नुसती एकपोली एमसीबी खाली करून उपयोग नाही, कारण न्यूट्रल अर्थला टेकला तरी आरसीसीबी पडते. म्हणून बागेला दुपोली (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारी) एमसीबी बसवावी.
२. ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरच्या इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजा. त्याआधी दिवे आणि ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) सोडवा, नाहीतर ते जळतील. १ मेगाओहमच्या खाली आलं तर दोष आहे.
३. मधल्या जंक्शन बॉक्समध्ये लाईन तोडून अर्धी-अर्धी मोजत जा. आठ दिव्यांच्या लाईनवर तीन वेळा तोडलं की जागा सापडते.

दहात आठ वेळा काळ्या टेपने गुंडाळलेला सांधा निघतो. टेप पाणी अडवत नाही, आत साठवून ठेवते. सांधा जेल भरलेल्या कनेक्टरने किंवा रेझिन ओतून करा. बॉक्समध्ये वायर खालून घ्या आणि आत जाण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथेच गळतो. वापरात नसलेली ग्लँडची (वायर आत घ्यायची) भोकं बंद करा. मुंग्या आणि पाली यांना कोरडा, उबदार बॉक्स फार आवडतो.

समुद्रवारा
२४ व्होल्ट डीसीत उलटी गोची आहे, तीही माहीत असू दे. तिथे ओल्या सांध्यावर काही ट्रिप होत नाही. डीसीमुळे ओलाव्यात पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळत जातं, वायर हिरवी पडून आतून तुटते, आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं. त्यामुळे सांध्यांची काळजी इथे जास्त घ्यायची. कथिलाचा मुलामा असलेली वायर आणि लग, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक. शक्यतो जमिनीखाली सांधाच नको, प्रत्येक ठोकळ्यात वायर वर आणून तिथेच पुढची जोडा.

पोफळीखाली
दिवा माडाला किंवा पोफळीला खिळ्याने ठोकू नका. माडाच्या खोडाची जखम आंब्यासारखी भरून येत नाही, आणि सोंड्या भुंगा अशाच जखमेत अंडी घालतो. शिवाय खोडावर वायर असेल तर नारळ पाडायला चढणाऱ्याच्या जिवाशी खेळ.

उजेडाचा रंग २७०० केल्विनच्या आसपास, पिवळट घ्या. पांढऱ्या-निळसर दिव्यावर पावसाळी किडे तुटून पडतात, मागोमाग पाली आणि बेडूक, बेडकांमागे साप. पाखाडीवर हे नको. दिव्याला वरून टोपी हवी, उजेड पायरीवर पडावा. काजव्यांच्या दिवसांत, मे अखेर ते जून, जमेल तेवढे बंदच ठेवा.

आणि तुम्ही गुहागरचे आहात म्हणून: तुमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि पिल्लं मेपर्यंत बाहेर पडत राहतात. पिल्लं उजळ दिसणाऱ्या दिशेला जातात. नैसर्गिकरीत्या ती समुद्राची असते, तुमचा फ्लडलाइट पेटला की वाडीची होते. समुद्राच्या बाजूला उघडा दिवा नको, लावायचाच तर अंबर रंगाचा, खाली तोंड केलेला आणि झाकलेला.

खळं_अंगण
विहिरीवर शेतीपंपाचं कनेक्शन आहे, तिथूनच दोन दिवे घेतले तर? केबल वाचेल.

दीडची_वायर
नको. शेतीपंपाचा दर शेतीसाठी आहे. त्यावर घरगुती दिवे म्हणजे मंजूर हेतूबाहेरचा वापर, वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. आणि शेतीचा फीडर नेमका संध्याकाळी बंद असेल तर दिवे लावून उपयोग काय?

आगरवाट
वादळानंतर लाईट आठवडाभर येत नाही, तेव्हा काय? कौलावर ३ किलोवॅटचं सोलर बसवायचाही विचार आहे, मग बागेला वेगळं कशाला?

कातळफूल
कौलावरचं ग्रिडला जोडलेलं सोलर महावितरणची लाईन गेली की आपोआप बंद पडतं. पोलवर काम करणाऱ्या माणसाला मागून करंट जाऊ नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. बाहेर कडक ऊन आणि घरात अंधार, असं होतं. बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर असेल तरच चालतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा वेळी एखाद-दुसरा स्वतंत्र सोलर दिवा सोन्याच्या मोलाचा. म्हणून बेड्याचा दिवा सोलर ठेवा: १० ते २० वॅटचं वेगळं पॅनल, लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरी. पॅनल काढता येईल असं बसवा, वादळाचा इशारा आला की चार बोल्ट सोडून घरात.

खरेदी करताना खोक्यावरचा '१०० वॅट' विसरा. पॅनल किती वॅटचं आणि बॅटरी किती वॅट-तासांची एवढंच विचारा. ३.२ व्होल्ट १० ॲम्पिअर-अवर म्हणजे ३२ वॅट-तास. खरंच १०० वॅटचा दिवा असता तर वीस मिनिटांत विझला असता.

समुद्रवारा
बंद घराचं कुणी बोललं नाही. वळवाच्या विजांत लांब केबलवर झटका येतो आणि सगळे ड्रायव्हर एका दमात जातात. निघताना बागेची दुपोली एमसीबी खाली, एसएमपीएसच्या आधी टाइप २ सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारा). टायमर बॅटरी बॅकअपवाला डिजिटल घ्या. फिरत्या चकतीचा साधा टायमर लाईट गेली की तिथेच थांबतो, आणि मग दिवे पहाटे तीनला लागतात.
सोलर दिव्याचं उलटं. पॅनल जोडलेलंच ठेवा, फक्त दिवा बंद करा. बॅटरी रिकामी होऊन तीन महिने पडली की मेलीच समजा.

आगरवाट
मग असं ठरवतो: पाखाडी आणि विहीर मिळून सात दिवे २४ व्होल्टवर, बेडं सोलर. काम कधी काढावं? मे महिन्यात माणसं मिळतात.

दीडची_वायर
सात दिव्यांचे २१ वॅट, ६० चा एसएमपीएस आरामात पेलेल. पन्नास मीटर अडीचची दोन कोअर घ्या, दोन-दोन फूट प्रत्येक ठोकळ्यात जातात.
मेमध्ये जमीन दगड झालेली असते, मजुरी चढते. गणपती आटोपले, पाऊस ओसरला की ओल असतानाच चर घ्या. पण लगेच बुजवू नका. पाइप टाका, वायर ओढा, सगळे सांधे करा, चर दोन-तीन सरी उघडा राहू दे, मग एसएमपीएस आणि दिवे सोडवून मेगर लावा. रीडिंग तारखेसकट बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या गणपतीत एखादा दिवा मलूल दिसला तर तुलनेला तोच आकडा लागेल.